उत्तरा दात खाते

९ नोव्हेंबर १९८१, सोमवार

नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी आज वही करायला सांगितली. उत्तरा दात केव्हा खाते, किती वेळ खाते, त्याआधी काय झालं, हे रोज लिहायचं. पुढच्या पानांवर रकाने आखून घेतले. हे मात्र मागच्या पानापासून लिहितो आहे. हे डॉक्टरांना दाखवायचं नाही. पंचफुलालाही नाही.

उत्तरा आमची एकुलती एक. साडेपाच वर्षांची. दहा महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला, बावीस दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण मान धरत नाही, बसत नाही, बोलत नाही. झटके येतात, त्याच्या गोळ्या रोज. एवढं सगळं मी पचवलं असं मनाशी म्हणत असतो. पण दीड वर्षापासून हे दात खाणं सुरू झालं, ते काही पचत नाही. दगडावर दगड घासावा तसा आवाज. दोन खोल्यांचं क्वार्टर. मागच्या खोलीत ती दात खाते आणि पुढच्या खोलीत माझा घास तोंडात फिरत राहतो.

मी कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर ऑपरेटर आहे. क्रशरच्या शेजारी आठ तास काढतो. तिथं डोक्याएवढी ढेकळं भरडली जातात, त्याचं काही वाटत नाही. ह्या एवढ्याशा दातांचं वाटतं.

डॉक्टरांना विचारलं, हे थांबेल का. ते म्हणाले, "मेंदूचं दुखणं आहे, सांगता येत नाही. पण कधी कधी पोराला काहीतरी दुखत असतं. ही सांगू शकत नाही ना. म्हणून तुम्ही लिहा."

१२ नोव्हेंबर

ह्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, सहा ते दोन. मी नसताना पंचफुला लिहिते, चौथीपर्यंत शिकली आहे. तिच्या रकान्यात, सकाळी नऊ, नाही. अकरा, थोडं, पाच मिनिटं. एक, नाही. मग माझी नोंद, पावणेतीन ते चार, सतत. काल तसंच. परवाही तसंच.

तिला म्हटलं, "तू बरोबर लिहून नाही राहिली वं. कामाच्या नादात तुले ऐकूच येत नसंल."

"मले सगळं ऐकू येते," ती म्हणाली. "जे हाये तेच लिहिते."

मला ते खरं वाटलं नाही. मी सायकल लावतो तेव्हा ती पोरीला मांडीवर घेऊन दूध पाजत असते. मला पाहिलं की घाईघाईनं पोरीचं तोंड पुसते, तिला मागच्या खोलीत बाजेवर टाकते, दार लोटते आणि माझं ताट वाढते. माझी अर्धी भाकर होते न होते तोच आतून सुरू होतं. मग नऊला आणि एकला ते नसतं कसं?

१५ नोव्हेंबर, रविवार

साप्ताहिक सुटी. सकाळपासून मी घरी, आणि सकाळपासून दात. चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी, संध्याकाळी पुन्हा. शेजारच्या कांताबाई साखर मागायला आल्या आणि दाराशीच थबकल्या. म्हणाल्या, "दात खाणारं पोर बापाच्या मुळावर असते म्हणतात, भाऊ. जंताचं औषध तरी देऊन पाहा."

जंताचं औषध तीनदा देऊन झालं. बाकीचं मी मानत नाही. छप्पन साली मी आठ वर्षांचा होतो. बाबांनी मला खांद्यावर बसवून दीक्षेला नेलं होतं. आमच्या घरात त्यानंतर कधी लिंबूमिरची टांगली गेली नाही. पण कांताबाई गेल्यावर मी वही काढून रकाने पाहत बसलो. मी घरी नसतो तेव्हा नाही. मी असतो तेव्हा आहे. एकेका दिवसाखाली बोट ठेवून पाहिलं.

आपल्याकडे म्हणतात ना, अमका तमक्यावर दात खातो. ती माझ्यावर खाते.

२१ नोव्हेंबर

ह्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. दुपारी दोनपर्यंत मी घरी. सकाळी दात. मी कामावर गेल्यावर पंचफुलाच्या रकान्यात, नाही, नाही, थोडं, नाही.

मी तिचा बाप आहे. तिला माझा एवढा राग कशाचा असावा? मी तिला कधी त्रास दिला नाही. दवाखान्यात नेतो, गोळ्या आणतो. जवळ फारसा जात नाही हे खरं, पण ते तिला कळत असेल असं वाटत नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज चंपतराव आले होते. आमचे शिफ्ट इन्चार्ज. चार्जमनच्या, म्हणजे बढतीच्या जागेसाठी माझं नाव वर पाठवणार आहेत, ते सांगायला मुद्दाम घरी आले. मोठा माणूस आपल्या दारी आला म्हणून मी गोंधळलो. पंचफुलाला खूण केली. तिनं पोरीचा दुधाचा पेला तसाच ठेवून तिला आत नेलं आणि दार लोटलं.

चहा आला. पोहे यायचे होते. तेवढ्यात आतून सुरू झालं. बारीक नाही, चांगलं खणखणीत.

चंपतरावांची बशी तोंडाशी थांबली. "काय वाजून राहिलं गा, चंद्रभान?"

मी म्हटलं, "उंदीर असंल. लई झाले ह्या क्वार्टरात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं जास्तच वेळ. मग म्हणाले, "हो. उंदीर लई झाले," आणि चहा संपवला.

पंचफुला दोन बशा हातात घेऊन दारात उभी होती. तिनं बशा टेबलावर ठेवल्या आणि ती आत गेली. चंपतराव जाईपर्यंत बाहेर आली नाही.

 मला "हो, माझी मुलगी आहे, आजारी आहे" एवढंच म्हणायचं होतं. सहा शब्द. ते तोंडात होतेही. उंदीर कुठून आला ते कळत नाही.

१ डिसेंबर

पंचफुला बोलते. जेवा म्हणते, पाणी तापलं म्हणते. उंदराचं काही बोलत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

उत्तराच्या अंगात नवं लाल स्वेटर दिसलं. कुठून आलं विचारलं. "दिलं एका बाईनं," म्हणाली, आणि भांडी घासायला बसली. मी पुढं विचारलं नाही.

४ डिसेंबर

हे लिहू नये असं वाटतं. पण मागची पानं त्यासाठीच आहेत.

दुपारी पंचफुला पिठाच्या गिरणीवर गेली होती. जाण्याआधी पोरीला दूध पाजून आत निजवून गेली. मी जेवलो, आडवा झालो. सुरू झालं. मी कान दाबले. उठून आत गेलो, "उत्तरा, बस कर," म्हणालो. ती छताकडे पाहत दात खात होती. मी रुमालाची घट्ट घडी केली आणि तिच्या दातांमध्ये सरकवली.

आवाज बंद झाला. त्या शांततेत मला बरं वाटलं. हे लिहिलंच पाहिजे, की मला बरं वाटलं.

मग तिचे डोळे मोठे झाले, चेहरा जांभळट पडायला लागला. मी रुमाल ओढला, त्यात माझं बोट तिच्या दातांत सापडलं, आणि मी तिच्या गालावर चापट मारली. माझ्या हाताचा तळवा तिच्या अख्ख्या गालाएवढा आहे.

ती रडली नाही. खोकली. तोंडातून फाटलेलं दूध आलं, आंबट वास सुटला. पुसून घेतलं, स्वेटरही पुसलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा सुरू केलं.

पंचफुलानं बोट पाहिलं. मी सायकलच्या चेनमध्ये सापडलं म्हणून सांगितलं. पुढच्या पानावर रकान्यात लिहिलं, तीन ते साडेतीन, नाही.

७ डिसेंबर

निर्णय घेतला. नागपूरला दातांच्या दवाखान्यात नेतो. नाहीतरी दुधाचे दात आहेत, आज ना उद्या पडणारच. ते काढून टाकले तर घासायला काही उरणार नाही. तिच्याही जिवाला शांतता. पंचफुलाला नुसतं तपासायला नेतो म्हणून सांगितलं.

९ डिसेंबर, बुधवार

सकाळच्या बसनं गेलो. उत्तरा पंचफुलाच्या खांद्यावर होती, तोंड मागच्या बाकाकडे. मी दोन बाकं पुढं उभा राहिलो. बसायला जागा होती.

दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. काय हवंय विचारलं. मी आदल्या दिवशी वाक्य पाठ केलं होतं, ते म्हटलं. "मॅडम, हिचे सगळे दात काढून टाका."

पंचफुलानं माझ्याकडे पाहिलं. तिला तिथंच कळलं.

डॉक्टरीणबाईंनी हो किंवा नाही म्हटलं नाही. पोरीला पंचफुलाच्या मांडीवरच राहू दिलं, स्वतः खाली स्टुलावर बसल्या. आधी नुसत्याच तिच्या गालावर हात ठेवून बसल्या, कानाच्या खाली, जिथं जबडा हलतो तिथं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. उत्तराचा जबडा सैल पडला. मग त्यांनी बारका आरसा आत घातला.

"घासून झिजलेले दात वरून सपाट होतात," त्या म्हणाल्या. "तसे आहेतच. पण हिचे समोरचे वरचे दात आतल्या अंगानं झिजलेत, जिभेच्या बाजूनं. तिथं दाताला दात लागत नाही. तिथं आंबट लागतं. पोटातलं वर येत असावं. दूध टाकते का ही?"

"कधी कधी येते थोडं," पंचफुला म्हणाली. "आंबट वास येते."

"छातीत जळजळत असेल तिला. सांगणार कशी? दात खाते." मग त्यांनी वही मागितली. मी पुढची पानं उघडून दिली आणि मागची बोटांनी धरून ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले. एकदा वरून खाली, मग पुन्हा.

"बाई, सकाळी नऊचं दूध कसं पाजता?"

"मांडीवर घेऊन. मग तशीच खांद्यावर घेऊन फिरतो आम्ही, घंटाभर."

"आणि अडीचचं?"

पंचफुला पोरीच्या केसांवरून हात फिरवू लागली.

"अडीचचं पाजून लगेच आडवी करता का?"

"हो."

"का?"

पंचफुलानं पोरीच्या अंगातलं स्वेटर खाली ओढून सारखं केलं. म्हणाली, "हे घरी येतात तवा."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे?" पंचफुलानं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. त्या माझ्याकडे वळल्या. मला सांगावं लागलं की मी आलो की पोरगी समोर असलेली मला चालत नाही. असं कधी बोललो नव्हतो. बोलायची गरजही पडली नव्हती, कपाळावर आठी घातली की काम होत होतं. पाहुणे आले तरी तेच. रविवारी मी दिवसभर घरी असतो, म्हणून रविवारी ती दिवसभर आडवी असते.

त्या रागावल्या नाहीत. खाली मान घालून कागदावर लिहीत राहिल्या. एकदम पोटभर पाजायचं नाही, थोडं थोडं, पेज घालून घट्ट करून. पाजल्यावर तासभर उभं धरायचं. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. दात सुरू झाले की गालांवर कोमट हात, जबड्याला हळू चोळायचं. तोंडात काहीही घालायचं नाही, "कापड तर अजिबात नाही, श्वास अडकेल." हे त्यांनी मान वर न करता म्हटलं. माझ्या बोटाला पट्टी होती.

"दात काढायची गरज नाही. पूर्ण थांबेल असं मी सांगत नाही. काही मुलं उगाचही खातात, त्यांना तेवढंच करता येतं म्हणून. पण दुखणं कमी करता येईल." जळजळीच्या औषधासाठी मुलांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.

परतीच्या बसमध्ये पंचफुला म्हणाली, "सगळे दात?" एवढंच. 

१० डिसेंबर

तिचा माझ्यावर राग होता असं मी समजत होतो. ते तरी बरं होतं.

१४ डिसेंबर

विटा लावल्या. घरी आल्यावर तासभर उत्तराला मी धरायचं, असं मीच म्हटलं. पंचफुलानं तिला माझ्या हातात दिलं, पण दोन हात अंतरावर उभी राहिली, मी पोरीला टाकून देईन की काय अशी. मान कशी धरायची ते मला येत नव्हतं. साडेपाच वर्षांच्या पोरीला धरता येत नाही हे बायकोला दिसावं ह्यासारखी लाज नाही.

"हात मानेखाली घ्या. असा नाही. असा."

पोरगी जड आहे. मला वाटत होती त्यापेक्षा खूप. पाठीला घाम येतो तिच्या. वीस मिनिटांनी दात सुरू झाले. मी तळवा गालावर ठेवला. ज्या गालावर मारली होती तोच माझ्याकडे होता. ती बिचकली. मग बिचकायची थांबली.

रुमालाचं आणि चापटीचं पंचफुलाला रात्री जेवताना सांगितलं. ती ताटावरून उठली. पोरीला उचलून घेतलं आणि तिच्या तोंडात बोट घालून गाल आतून चाचपून पाहिले, दहा दिवसांनी. मग म्हणाली, "दूध मीच पाजीन. तुमी फक्त धरा. मी घरात असताना." मी हो म्हटलं.

चार तारखेच्या रकान्यात "नाही" खोडून "होतं" लिहिलं.

२१ डिसेंबर

अडीच ते चार, पंधरा मिनिटं. काल दहा. मुलांच्या डॉक्टरांनी पांढरं पातळ औषध दिलं आहे, चुन्यासारखं दिसतं. पण परवा दिवसभर काही नव्हतं आणि काल सकाळी विनाकारण तासभर. जात नाही, कमी होतं.

आज कोळशाची पट्टी बंद असताना चंपतरावांना गाठलं. म्हटलं, "त्या रविवारी तुमच्याशी खोटं बोललो. उंदीर नव्हते."

त्यांनी तंबाखू चोळणं थांबवलं नाही. "माहीत हाये गा."

"कसं?"

"अरे, उत्तराले कोण नाही ओळखत? तू फर्स्ट शिफ्टले गेला का तुही बायको तिले घेऊन पाण्याच्या टाकीजवळ उन्हात येते. समद्या बायका तिथंच बसतात. आमची बाई तिच्यासाठीच तर लाल स्वेटर विणून राहिली होती."

मी पट्टीच्या कठड्याला टेकलो.

"मी तुह्या घरी आलो तो तिले पाहायलेच आलो होतो. नाव पाठवतो हे तर मी इथंही सांगितलं असतं. पण तू उंदीर म्हटलं. मी समजलो, ह्याले सांगायचं नाही. मंग म्हटलं, उंदीर तर उंदीर." त्यांनी तंबाखू ओठाखाली ठेवली. "कॉलनीत समद्याईले माहीत हाये. तुह्यासमोर सहसा कोणी काढत नाही एवढंच."

क्रशर सुरू झाला. मला जागेवर जावं लागलं.

मी पोरीला चार वर्षं लपवत होतो. आणि सगळी कॉलनी माझ्यासाठी, मला लाज वाटू नये म्हणून, मला पाहिलं की तिला लपवत होती.

३१ डिसेंबर

पांढरं औषध आमच्या वीजकेंद्राच्या दवाखान्यातच मिळतं असं कळलं. कामगाराच्या कुटुंबाचं कार्ड दाखवायचं. पंचफुला म्हणाली, "मंग उद्याच आणा. नागपूरच्या चकरा वाचतील."

तेव्हा मला सांगावं लागलं. सत्याहत्तरमध्ये मी इथं लागलो तेव्हा कुटुंबाचा फॉर्म भरला होता. त्यात पत्नीचं नाव आहे. खाली "अपत्ये" समोर मी रेघ मारली होती. मुलगी लिहिली असती तर कोणी विचारलं असतं, किती वर्षांची, चालते का.

पंचफुला हसली. मला वाटलं रडते आहे, पण हसत होती. म्हणाली, "चार वर्सं मी समजत होती का नागपूरचे डॉक्टर चांगले म्हणून तुमी आमाले तिकडे नेता."

५ जानेवारी १९८२

आज ऑफिसात गेलो. महादेवराव क्लार्क आहेत. त्यांनी फॉर्म दिला. अपत्याचे नाव, उत्तरा चंद्रभान रामटेके. जन्मतारीख. मग एक रकाना, "विलंबाचे कारण."

मी वरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग लिहिलं, "लाज."

महादेवरावांनी वाचलं, चष्मा वर केला. "असं नाही चालत, रामटेके. साहेब सही करणार नाही. कामाच्या व्यापामुळे असं लिहा."

मला वाटलं होतं मी ऐकणार नाही. पण औषध हवं होतं, आणि मागे दोन माणसं रांगेत होती. मी खोडलं आणि ते म्हणाले तसं लिहिलं. म्हणजे तिथंही खरं लिहिलं नाही. फक्त नाव खरं.

कार्ड लगेच मिळालं. घरी आलो तर उत्तरा पुढच्या खोलीत होती, पंचफुलाच्या मांडीवर, दाराकडे तोंड करून. दार सताड उघडं. दूध नुकतंच झालं होतं. मी हात धुतले, कार्ड पंचफुलाला दिलं आणि पोरीला घेतलं. दात सुरू होते. गालावर हात ठेवला.

पंचफुलानं कार्ड उलटसुलट केलं, बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत नाव वाचलं. मग ते पोरीच्या डोळ्यांपुढं धरलं. "हे पाह्य वं, उत्तरा. तू."

उत्तरानं पाहिलं की नाही सांगता येत नाही. तिची लाळ कार्डावर पडली. मी बाहीनं पुसली. शाई थोडी पसरली आहे. नाव वाचता येतं.